अजून छापता येत नाही

संपादकांचं पत्र तीन वाक्यांचं होतं. पहिल्या वाक्यात त्यांनी माझी कथा आनंदाने वाचल्याचं कळवलं होतं. तिसऱ्या वाक्यात माझ्या प्रकृतीला शुभेच्छा होत्या. मधलं वाक्य असं होतं: "मात्र ती अजून छापता येत नाही."

इंडोनेशियातल्या आमच्या सोलो शहरात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. 'अजून नाही' म्हणतात. ऐंशी वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झालं का विचारा, तो कवळी सावरून 'अजून नाही' म्हणेल. एखाद्या दुकानात केरोसीन कधीच ठेवत नसतील, तरी दुकानदार ते 'अजून आलं नाही' असं सांगेल. सरकारही आमच्यातलंच. मी बावीस वर्षं ज्या दैनिकात शहरवार्ता लिहिल्या ते बंद पडलं, तेव्हा आठ दिवसांच्या आत मी स्वतःहून जाऊन ओळखपत्रावरचा व्यवसायाचा रकाना बदलून आणला. कुणी सांगितलं नव्हतं. चुकीची नोंद मला सहन होत नाही, एवढंच. त्या रकान्यात आता छापलेलं आहे: 'अजून काम नाही / काम नाही'. मधली तिरकी रेघ सरकारची.

तेव्हा पत्राचा अर्थ मला कळला नाही असं मला म्हणता येणार नाही. दैनिकात रविवारची पुरवणीही काही वर्षं माझ्याच गळ्यात होती आणि हेच वाक्य मी स्वतः निदान नऊशे लोकांना पाठवलं आहे. नऊशेमधल्या एकालाही मी पुढे छापलेलं नाही. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात गैरसमज सगळ्यांचे झाले, फक्त माझा तेवढा झाला नव्हता.

"काय म्हणतात?" विनार्तीने विचारलं. विनार्ती माझी बायको. ती ओट्याशी मिरच्या निवडत होती.

मी पत्र वाचून दाखवलं. शब्दाला शब्द.

"अजून म्हणजे? रांग असेल ना?"

"हं," मी म्हणालो.

एवढंच. पुढचे सहा आठवडे या एका 'हं'मधून निघाले. मी मनात स्वतःची बाजू बऱ्याचदा मांडून पाहिली. मी खोटं बोललो नाही, मूळ मजकुरात फेरफार केला नाही, अवतरणचिन्हंसुद्धा पाळली. पण माणूस 'हं' म्हणतो तेव्हा कधीकधी बातमीच्या मथळ्याएवढा मोठा खोटारडा असतो, आणि त्याला दुरुस्ती छापायला कुठे जागाही नसते.

विनार्तीने मिरच्या तिथेच टाकल्या, हात धुतले आणि ती थेट कासिनेम आजींकडे गेली.

इथे कथेबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कासिनेम आजींचे यजमान, दर्मो आजोबा, शहरातल्या जुन्या नाटक मंडळीत एकतीस वर्षं रामकथेतल्या वानरसेनेत वानर होते. चार वर्षांपूर्वी, आम्ही या गल्लीत राहायला येण्याच्या जरा आधी, ते गेले. मी कथा लिहिली ती त्यांच्यावर. नाव 'अखेरची उडी'. म्हातारा वानर, शेवटचा प्रयोग, हनुमानाचं काम करणारा नट ऐन वेळी आजारी पडतो, म्हातारा मुखवटा चढवतो, समुद्र ओलांडतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात रंगमंचावरच प्राण सोडतो. लिहिताना माझे डोळे दोनदा भरून आले होते. हे सांगायलाही आता लाज वाटते, पण नोंद पूर्ण असावी.

आजींना वाचता येत नाही. विनार्तीने त्यांना सांगितलं, "आजोबा पेपरात येणार आहेत. रविवारी. नक्की कुठल्या ते अजून कळलं नाही."

त्या रविवारी सकाळी सात वाजता आजी आमच्या अंगणातल्या बाकावर येऊन बसल्या. अंगात धुतलेली जांभळी कबाया, म्हणजे ठेवणीतली लांब बाह्यांची चोळी, केसांत कंगवा, मांडीवर हात. मी दार उघडलं आणि परत लावून घेण्याची इच्छा मोठ्या कष्टाने आवरली.

"आला का रे पेपर?"

"आला आजी. आज... आज नाही दिसत."

"असू दे. वानरांना मागेच उभं करतात," आजी म्हणाल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. दहा-बारा शब्दांचं काम. बातमीला इतके कमी शब्द लागतात हे मला बावीस वर्षं ठाऊक होतं.

पण तोवर आमचे गल्लीप्रमुख पाक सुगितो (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही मानाने 'पाक' म्हणतो) यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. पाक सुगितो पाणीखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत आणि कुठलीही गोष्ट समितीशिवाय होऊ शकते यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: 'आपले पाक मर्सुदी यांची कथा मोठ्या वर्तमानपत्राच्या रांगेत उभी आहे. सर्वांनी प्रार्थना करावी.' खाली सत्तेचाळीस जोडलेले हात आले. त्यातला एक माझा होता. विनार्तीने माझ्या फोनवरून पाठवला, न पाठवणं बरं दिसलं नसतं म्हणून.

मग सल्ले सुरू झाले. झेरॉक्सवाल्याने सांगितलं की कथा जाड कागदावर पाठवायला हवी होती, पातळ कागद संपादकांच्या डोळ्यांत भरत नाही. मी म्हणालो, कथा ईमेलने पाठवली आहे. तो म्हणाला, तेच तर. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नायकाला शेवटी मारू नये असं सुचवलं, रविवारी लोक नाश्ता करत असतात. एका शेजाऱ्याचा मेहुणा छापखान्यात कामाला होता, तो म्हणे कथा 'आत सरकवू' शकत होता. नंतर कळलं की त्याच्या छापखान्यात फक्त लग्नपत्रिका छापतात.

दुसऱ्या रविवारी आजी आल्या. तिसऱ्या रविवारी आजी आल्या आणि त्यांच्याबरोबर पाक सुगितोही, सोबत पेपरच्या सहा प्रती. पेपरवाल्याला त्यांनी गल्लीसाठी जादा प्रती टाकायला सांगितल्या होत्या. सगळ्यांनी बाकावर, पायरीवर, उलट्या बादलीवर बसून पुरवणी उलगडली. त्या आठवड्यात कुणा दुसऱ्याच माणसाची कथा होती, बकरीवर. पाक सुगितोंनी ती पूर्ण वाचली.

"चांगली आहे," ते म्हणाले, आणि लगेच माझ्याकडे बघून, "पण माकड ते माकड."

त्यांना वाटलं, मी खचलो आहे. ते खरंही होतं. पण कारण त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून मला धीर यावा यासाठी समितीने आभारभोजन आधीच उरकून घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे इच्छा पूर्ण झाली की पिवळ्या भाताचा मोठा शंकू रचतात, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या मांडतात, आणि शंकूचा शेंडा कापून मानाच्या माणसाला देतात. पूर्ण व्हायच्या आधी करायला हरकत काय, असं पाक सुगितोंचं म्हणणं. "देवालाही जरा आठवण राहते."

विनार्तीने दोन दिवस खपून भात रचला. समितीने फलकही छापून घेतला. फलक छापणाऱ्याकडे तीन मीटरपेक्षा लहान काही निघत नव्हतं, म्हणून गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझा चेहरा लागला, ओळखपत्रावरचा, त्यात मी नुकताच बेकार झालेला दिसतो कारण मी नुकताच बेकार झालो होतो. खाली अक्षरं: 'गल्ली क्रमांक चारचा अभिमान! अखेरची उडी लवकरच!' मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना ही आत्महत्येची जाहिरात वाटत असावी. एक स्कूटरवाला थांबून विनार्तीला विचारून गेला, "आता बरे आहेत ना ते?"

शंकूचा शेंडा पाक सुगितोंनी माझ्या हातात दिला आणि मी तो, रिवाजाप्रमाणे, आजींना दिला. आजींनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"दर्मोला पिवळा भात आवडायचा," त्या म्हणाल्या. "वरचा नाही. खालचा, तेलकट."

सगळे हसले. मीही हसलो. मी ताटातला भात नुसता चिवडत होतो, आणि ते पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, लेखक लोक किती हळवे असतात."

यानंतर पाक सुगितोंना ओळखपत्राची आठवण झाली. सतरा ऑगस्टला, आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभाला, प्रभाग अधिकारी येणार होते आणि त्यांच्यासमोर गल्लीतला लेखक उभा करायचा तर त्याच्या कार्डावर 'अजून काम नाही' कसं चालेल? त्यांनी मला शिफारसपत्र दिलं, त्यावर शिक्का मारला, शाई कमी उठली म्हणून आणखी एक मारला, आणि मला प्रभाग कार्यालयात पाठवलं.

खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही शिक्के उजेडात धरून पाहिले.

"व्यवसाय लेखक. ठीक. छापील पुरावा?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"काही कागद? काहीही चालेल, दोन प्रतींत."

माझ्याजवळ संपादकांचं पत्र होतं. पाक सुगितोंनी ते फायलीत लावून दिलं होतं, पारदर्शक प्लास्टिकमध्ये. कारकुनाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याने वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी स्वच्छ दया होती की मी खिडकीची कड धरली. शहरात तो पहिला माणूस, ज्याला ते पत्र बरोबर वाचता आलं.

"पाक," तो आवाज खाली आणून म्हणाला, "फाईल मी स्वीकारतो. पण ती अजून पुढे पाठवता येत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"समजलं ना तुम्हाला?"

"पूर्ण समजलं."

तो उठून उभा राहिला आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्याने माझा हात हातात घेतला. रांगेतल्या बाईने मला 'अभिनंदन' म्हटलं.

पाचव्या रविवारी आजींना खोकला होता, तरी त्या आल्या. जाताना विनार्तीचा हात धरून म्हणाल्या, "घाई नाही म्हणा त्यांना. पण मी आहे तोवर आला तर बरं."

विनार्तीने हे आत येऊन मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पेपर वाचतोय असं दाखवलं. पेपर उलटा नव्हता, एवढीच माझी जमेची बाजू.

"अहो," ती म्हणाली, "रांग एवढी मोठी असते?"

"हं."

"तुम्ही असता तेव्हा किती असायची?"

त्यावर मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. आठवतं, पण लिहीत नाही.

आजींच्या खोकल्याने समिती हलली. संपादकांना सौम्यपणे आठवण करून द्यायची असं ठरलं. अकरा जण, सगळे इस्त्रीच्या बाटिक कपड्यांत, भाड्याची छोटी बस, केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताचे चार खोके, आणि पुढच्या सीटवर जांभळ्या कबायेत आजी. मी तीनदा सांगितलं की असं कुणी जात नाही. पाक सुगितो म्हणाले, "तुमचा स्वभावच संकोची. म्हणून तर आम्ही आहोत." माझं पोट खरोखर बिघडलं होतं, पण त्यावर डॉक्टरीणबाईंकडे गोळी होती. त्या दातांच्या डॉक्टर असूनही ती लागू पडली.

रविवारच्या पुरवणीच्या संपादक, बू लिस्त्यानी ('बू' म्हणजे बाई), पस्तिशीच्या आतल्या बाई निघाल्या. चष्मा, टेबलावर कागदांचा ढीग, चहा निवलेला. त्यांच्या खोलीत खुर्च्या दोन होत्या. अकरा माणसं आणि एक आजी आत आलेली पाहून त्या उठल्याच. पाक सुगितोंनी भाताचे खोके ढिगावर ठेवले आणि पाऊण तास बोलले. आधी हवा. मग पाणीखातं. मग वर्तमानपत्राची थोरवी. शेवटी, अगदी जाता जाता, वानर.

"आम्हाला घाई नाही," ते म्हणाले. "रांग आम्ही समजतो. पण आजींचं वय बघता... साधारण कितवा रविवार धरावा?"

बू लिस्त्यानींनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओळखून होत्या. त्यांना कळलं होतं की मला कळलेलं आहे. टेबलाखाली त्यांच्या बोटांनी रबराचा एक छल्ला ताणला होता आणि तो सुटतो की काय असं मला वाटत राहिलं.

"ती कथा... अजून..." त्या म्हणाल्या. "म्हणजे अजून तरी..."

"समजलं, समजलं," पाक सुगितो म्हणाले. "पुढच्या महिन्यात?"

"अजून तसं..."

"त्याच्या पुढच्या?"

त्या बाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आजीही बघत होत्या, खुर्चीत पुढे सरकून.

"छापणार नाहीत," मी म्हणालो. "नाकारली आहे. सहा आठवड्यांपूर्वीच. पत्र आलं त्या दिवशीच मला ठाऊक होतं. अजिबात छापणार नाहीत."

मी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला निदान कुणी हसतं. डॉक्टरीणबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. झेरॉक्सवाला पंखा पाहू लागला. बू लिस्त्यानींचा चेहरा लाल झाला, जणू मी त्यांनाच लोकांत उघडं पाडलं होतं, आणि खरं म्हणजे पाडलंच होतं. पाक सुगितोंनी निवलेल्या चहाकडे पाहिलं.

"चहाचा वास छान आहे," ते म्हणाले. "कुठला?"

"पाहुण्यांसाठीच आहे," बाई उठत म्हणाल्या. "आणते, आत्ता आणते."

विनार्तीने माझा दंड कोपराच्या वर चिमटीत धरला. "असं बोलतात? चार माणसांत?" ती दातांमधून म्हणाली. "घरी नसतं सांगता आलं?"

घरीच सांगायला हवं होतं.

परतताना बसमध्ये सगळे रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल बोलले. मला कुणी एका शब्दाने दोष दिला नाही. मला खिडकीजवळची जागा दिली, पाण्याची बाटली दिली, ऊन लागतं म्हणून पडदा ओढला. ज्याच्या घरी दुःखद घटना घडली आहे अशा माणसाला देतात तसं सगळं दिलं. आजी पुढे बसून होत्या, मला फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता. गल्लीत पोचलो तेव्हा फलक उतरलेला होता. कुणी फोन केला, कुणी उतरवला, शेवटपर्यंत कळलं नाही. दोऱ्याचे तुकडेसुद्धा काढलेले.

चार वाजता मी आजींकडे गेलो. त्या ओसरीतल्या बाकावर शेंगा सोलत होत्या. मी उभाच राहिलो. बावीस वर्षांत मी मंत्र्यांची, पोलिसांची, एकदा एका मगरीच्या मालकाची मुलाखत घेतली आहे, पण सुरुवात कशी करावी असा प्रश्न कधी पडला नव्हता.

"आजी, माझं चुकलं. तुम्हाला सहा रविवार..."

"ते झालं," आजी म्हणाल्या. "कागद आणलास का?"

"कुठला?"

"दर्मोचा. त्यांनी नाही छापला, पण तू लिहिलाय ना? वाच."

फोनवर कथा होती. मी वाचली. वाचताना माझा आवाज आपोआप भारी होत गेला, उडीच्या ठिकाणी थोडा कापलाही. टाळ्यांचा कडकडाट झाला, म्हातारा पडला, मुखवट्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कथा संपली. आजींनी एक शेंग फोडली.

"नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अं?"

"नाही. हा दर्मो नाही. बरं झालं छापलं नाही त्या पोरीने." त्यांनी साल खाली टाकलं. "हनुमान कशाला केलास त्याला? त्याला हनुमान व्हायचंच नव्हतं. दोनदा विचारलं मालकाने, दोनदा हा पळून आला. हनुमानाला शेवटपर्यंत थांबावं लागतं. शेपटी पेटवून घ्या, लंका जाळा, मग ती विझवा. वानर पहिल्या लढाईत मरतो. मरायचा, तोंड धुवायचा, आणि मी भात वाढेपर्यंत घरी हजर. एकतीस वर्षं. एकदाही गार भात खाल्ला नाही त्याने."

मी फोन खाली ठेवला.

"आणि मेला तो इथे." त्यांनी पायरीकडे हनुवटी केली. "कोंबडीला दाणे टाकत होता. टाळ्याबिळ्या कुठल्या? कोंबडीने दाणे खाल्ले. तुला कुणी सांगितली ही उडी?"

कुणीच सांगितली नव्हती. मी पाक सुगितोंकडून दर्मो आजोबांचं नाव ऐकलं, 'एकतीस वर्षं' हा आकडा ऐकला, आणि घरी जाऊन लिहायला बसलो. त्यांची बायको माझ्या दारापासून साठ पावलांवर राहत होती. रस्त्यात सांड मेला तरी मी मालकाला दोनदा फोन करून त्याचं वय विचारून घ्यायचो. माझे कान इतके तापले की ते आजींना दिसत असणार.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"हवंच होतं."

मी खिशातून पेन काढलं. वही नव्हती, म्हणून प्रभाग कार्यालयाच्या पावतीची मागची बाजू घेतली.

"कोणत्या रांगेत उभे असायचे ते?"

"तिसऱ्या. अगदी कडेला. आत पळायला बरं."

"डावीकडून की उजवीकडून?"

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं, शेंगांची टोपली उचलून पलीकडे ठेवली आणि बाकावर मला जागा करून दिली.

"बस," त्या म्हणाल्या. "कुणाच्या डावीकडून? त्याच्या की बघणाऱ्यांच्या?"